दारातला स्पीडब्रेकर

९ नोव्हेंबर, सकाळी ६.३०
संताप. नुसता संताप! उसाचे ट्रॅक्टर मागं दोन-दोन ट्रॉल्या लावून, गाणी ढणाणा वाजवत दारावरून माळेगावच्या साखर कारखान्याकडं सुसाट. परवा राजेश्वरी येतेय, श्रेयाला घेऊन. लेकीनं फोनवर स्पष्ट सांगितलंय, रस्ता असाच असेल तर पाडव्यालाच पुण्याला परत. आठ वर्षांची नात, तीही दिवाळीच्या सुट्टीपुरतीच मिळते.
निश्चय : दारात स्पीडब्रेकर. मी स्वतः बांधणार.

दुपारी १
हिचं म्हणणं, आधी फाटकाला कडी बसवा, पोरगी पळंल रस्त्यावर. हिला फाटकापलीकडचं दिसतच नाही. मी मुळावर घाव घालणारा माणूस.

१० नोव्हेंबर
शेजारचा सिद्धू म्हणाला, परवानगी काढा. त्याला विचारलं कुणी? बाथरूमच्या कामातलं सिमेंट उरलेलं होतंच. दोन तास रस्ता अडवला. शिव्या खाल्ल्या, दुप्पट दिल्या. उंची चांगली वीतभर. सिद्धू म्हणतो, तात्या, ह्यो ब्रेकर न्हाय, बांध हाय. जळतो मेला.
पांढरे पट्टे दिवाळीनंतर.

११ नोव्हेंबर
राजेश्वरी आली. कार खालून घासली, तोंड वाकडं. पण ट्रॅक्टर हळू होतात हे तिला मान्य करावंच लागलं. राहते म्हणाली, सुट्टी संपेपर्यंत. जिंकलो!

१२ नोव्हेंबर, पहाटे
दूध घेऊन येताना मीच उडालो. बाइक एकीकडं, मी एकीकडं, हेल्मेट घरी खुंटीला. गाय आडवी आली म्हणून सांगितलं. ही म्हणाली, व्हय, शिमिटाची गाय. दुर्लक्ष केलं.

१३ नोव्हेंबर
ट्रॅक्टर दारात अगदी मुंगीच्या पावलांनी. वस्तीवरची आठ-दहा पोरं, छकुली, सूरज, सगळी आता दिवसभर आमच्याच दारात. सेफ वाटतं तिथंच पोरं जमतात. ही म्हणाली, जरा बघा तरी, काय करत्यात ती. दिवाळीत मी काय पोरांवर पाळत ठेवू?
श्रेया संध्याकाळी ऊस खात होती. कुठनं आणला, विचारलं नाही.

१४ नोव्हेंबर, पाडवा, दुपारी ४

ट्रॉली ब्रेकरवर हळू झाली की पोरं पळत जाऊन ऊस उपसतात. श्रेयानंही ओढला. ऊस निघेना, पोरगी सोडेना. फरफटत गेली, पडली. मागच्या ट्रॉलीचं चाक पायापासून हातभर. ड्रायव्हर गेणूनं करकचून ब्रेक दाबला, म्हणून वाचली. फक्त गुडघे सोललेत.
मी गेणूला नको नको ते बोललो. तो हात जोडून म्हणत होता, तात्या, म्या थांबिवली की वो गाडी.
श्रेयाला विचारलं, रस्त्यावर गेलीसच का? म्हणाली, आजोबा, दुसरीकडं कुठंच ट्रॅक्टर हळू होत नाही. फक्त आपल्याच दारात होतो.
राजेश्वरी बॅगा भरतेय.

१५ नोव्हेंबर, सकाळी १०
गेणूवर तक्रार लिहायला बसलो. गाडीचा वेग काय लिहू? कागद फाडला. चूक माझी आहे. स्वतःचाच इतका राग येतोय की चहासुद्धा गेला नाही.
सातपासून पहार मारतोय. सिमेंट चांगलं निघालं, टवका उडेना. पोरं भोवती जमलीत. छकुली रडकुंडीला येऊन म्हणतेय, तात्या, नगा की फोडू.
अख्ख्या वस्तीत माझं काम आवडलं ते एवढ्यांनाच.