तुलाही तेच होतं, आई

प्रिय आई,

गेल्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "घर में और किसी को ऐसा था?" मी लगेच "नहीं" म्हणून मोकळी झाले. बाहेर आले, स्कूटर काढली, राजवाड्याच्या गर्दीत अडकले आणि तिथे एकदम लक्षात आलं की मी खोटं बोलले. मुद्दाम नाही गं. तुझ्याकडे त्या नजरेने कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून हे पत्र.

कसल्या डॉक्टर, ते आधीच सांगते, नाहीतर तू मनातल्या मनात थेट ऑपरेशनपर्यंत पोहोचशील. मानसोपचाराच्या. घाबरू नकोस. तुला हे सांगण्यात काही अर्थ नाही, माहीत आहे, पण सवय आहे जिभेला.

तू रंगपंचमीच्या आदल्या दिवशी गेलीस. दुपारी जेवून आडवी झालीस आणि चहाला उठलीच नाहीस. दुसऱ्या दिवशी राजवाड्यावर गेरची रंग उधळणारी मिरवणूक निघाली, अख्खं शहर गुलालात न्हालं आणि मी स्नेहलतागंजच्या घरात तुझ्या साड्यांच्या घड्या घालत बसले. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. सगळे म्हणाले, मीनू खंबीर आहे. कसली खंबीर! दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि आपला गाल आपला राहत नाही, तशी मी सगळीकडून झाले होते.

मग तुझं ते सगळं माझ्याकडे आलं. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता हात गार पडायचे. तुझ्या जावयाला, सुहासला, यायला उशीर झाला की पोटात गोळा. तो आला तरी गोळा जायचा नाही, नुसती जागा बदलायचा. लेकीवर, ओवीवर, मग गॅसच्या बटणावर, मग माझ्याच छातीवर. एकदा स्टाफरूममध्ये वाटलं, हार्ट अटॅकच. ईसीजी काढला. नॉर्मल! "कुछ नहीं है मैडम, टेंशन मत लीजिए."

वाक्य ओळखीचं वाटलं ना? तुलाही हेच सांगायचे. घरी येईपर्यंत तुझे तळवे पुन्हा ओले. बाबा म्हणायचे, "मन चिंती ते वैरी न चिंती, हे तुझ्या आईला बघूनच कोणीतरी म्हटलंय." आम्ही हसायचो. तूही हसायचीस. तू का हसायचीस गं?

तुझा इलाज म्हणजे खजराना. गणपतीच्या देवळामागच्या भिंतीवर लोक उलटं स्वस्तिक काढून नवस बोलतात आणि इच्छा पुरी झाली की येऊन सुलटं काढतात. बाकीचे नोकरीसाठी काढतात, लग्नासाठी काढतात. तू काढायचीस बाबा देवासहून संध्याकाळच्या गाडीने परत यावेत म्हणून! ते यायचेच. रोज यायचे, नोकरीच होती त्यांची तिथे. मग तू सुलटं काढायला जायचीस, तोवर माझी परीक्षा आलेली असायची किंवा मामा कुठेतरी प्रवासाला निघालेला असायचा. म्हणजे त्याच फेरीत एक सुलटं आणि एक नवं उलटं.

मी कॉलेजात होते तेव्हा आपण एकदा गेलो, तर भिंत धुऊन काढलेली. तुझं स्वस्तिक सुलटं व्हायच्या आधीच पुसलं गेलेलं. तू कुंकवात बोट बुडवून उभी. मागे माणसं खोळंबली. फुलवाली म्हणाली, "अम्माजी, सीधा बना दो ना कहीं भी, गणेशजी समझ जाएँगे." तुला पटेना. तू मलाच विचारत राहिलीस, "मीनू, जागा हीच होती ना? चुकली तर? ह्यांना काही झालं तर?" मला इतकी लाज वाटत होती! "हीच, हीच," म्हणत मी तुझा हात धरून भिंतीला टेकवला. तुझं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी तू एकटीच परत गेलीस.

मला वाटायचं, भक्ती. सगळ्यांनाच वाटायचं. तू भीतीने अर्धी झालीस तरी देवळात ते कोणाला दिसणार? तिथे सगळेच हात जोडून उभे असतात.

मी डॉक्टरकडे गेले ती ओवीमुळे. तुझी नात विजयनगरला स्कूटरवरून पडली. कोपर सोलवटलं आणि ही ऑक्टोबरच्या उन्हात घरात पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून फिरतेय! मी बाही वर केली, तर म्हणते कशी, "मम्मी, तू पॅनिक करतेस ना यार, म्हणून नाही सांगितलं. आजीला पण तर आपण असंच करायचो."

खरंच करायचो. मामाचं बायपास तो घरी आल्यावर तुला कळवलं. आणि ओवीच्या आधी माझं एक मूल पोटातच गेलं, आई. ते तुला कधी सांगितलंच नाही. "तिला नको, ती घाबरेल," असं ठरलं सगळ्यांचं. त्या दिवसांत मला तूच हवी होतीस! दुसरं कोणी नको होतं. तू फोनवर विचारायचीस, "आवाज असा का गं?" आणि मी म्हणायचे, सर्दी.

ओवीचं कोपर पाहिल्यावर मला हेच आठवत राहिलं. सुहास म्हणाला, "अरे यार, यासाठी डॉक्टर कशाला? लोक क्या बोलेंगे? दोन दिवस महेश्वरला जाऊन येऊ, ठीक होऊन जाशील." गेलो. समोर नर्मदा आणि माझ्या डोक्यात, कुलूप लागलं होतं ना? परतताना तोच म्हणाला, "चल, नंबर लावून देतो."

डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ये आपका नेचर नहीं है, बीमारी है. और इसका इलाज होता है." रोज एक गोळी, आणि दर आठवड्याला तासभर बोलायचं. गोळीचा गुण यायला काही आठवडे जातात. ओवीला फोन करावासा वाटला की लगेच करायचा नाही, भीती येऊ द्यायची, चढू द्यायची, उतरते का ते बघायचं. उतरते, आई. हळू, पण उतरते. तुझ्यासाठी मला रडूसुद्धा येत नाही, हेही मी सांगितलं. म्हणाल्या, "रोना कोई ड्यूटी नहीं है. पर बताया, अच्छा किया. इस पर भी नज़र रखेंगे."

परवा गेले तेव्हा माझी चूक दुरुस्त केली. म्हटलं, "मेरी माँ को था. पूरी उम्र."

"इलाज हुआ था?"

"खजराना."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बड़ी हिम्मतवाली रही होंगी. इतने डर के साथ घर चलाया." तुला हिंमतवाली म्हणणारं हे पहिलंच माणूस! वाटलं, आता येईल रडू. नाही आलं.

काल संध्याकाळी ओवी माझ्याजवळ मटार सोलायला बसली. कधी बसत नाही. चार शेंगा सोलल्या आणि म्हणाली, "मम्मी, एक बात सांगू? तू घाबरणार तर नाही ना?"

म्हटलं, "घाबरेन. तरी सांग."

मग तिने सांगितलं. पेपरच्या आधी तिची बोटं बधिर होतात. मैत्रिणी हसत असतात तेव्हा हिचं काळीज धडधडत असतं. आजचं नाही, बरेच दिवस चाललंय. मी घाबरले, आई. फार घाबरले. पण मटार सोलत राहिले आणि तिला शेवटपर्यंत बोलू दिलं.

तुला शब्द देते. पुढच्या आठवड्यात मी तिला बरोबर घेऊन जाणार आहे. आमचा नंबर येईपर्यंत बाहेरच्या बाकावर तिच्या शेजारी बसेन. लोक बघतील, बघू देत. तुला कोणीच नेलं नाही गं. तिला मी नेईन.

तुझीच,
मीनू