निधीचा ड्रॉप

६ एप्रिल, रविवार

बॉल दिसला नाही!

म्हणजे माझ्या लेकीच्या, निधीच्या हातातून सुटताना दिसला, आणि मग एकदम माझ्या कॅचरच्या मास्कवर धाडकन. मधलं सगळं गायब. डोकं अजून झिणझिणतंय. आमची कोच जॅन धावत आली. “You all right, Sheela?” धम्मशीला म्हणणं तिला झेपत नाही, म्हणून कॉलेजात मी शीला. मी म्हटलं, ऊन डोळ्यावर आलं. इंग्लंडातल्या रीडिंगमध्ये, एप्रिलमध्ये, ऊन! आभाळ तव्याच्या बुडासारखं होतं. जॅनने वर बघितलं.

निधी पिचरच्या जागेवरून हलली नाही. नुसती बघत राहिली माझ्याकडे.

सीझनची सॉफ्टबॉलची पहिलीच मॅच. जिंकलो म्हणे. मला जेवण गेलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

बाथरूमचं दार लावून एकेक डोळा झाकून पाहिला. उजव्याने टाइल्स सरळ. डाव्याने मधल्या रेघा वाकड्या, आणि ऐन मधोमध एक डाग. चष्म्यावर तेलाचं बोट लागावं तसा. पुसायला हात गेला, तर चष्मा लावलेलाच नव्हता.

माझ्या आईचं, गयाबाईचं, अमरावतीला असंच सुरू झालं होतं. आधी एक डोळा, मग दुसरा. आता ती माणसं आवाजावरून ओळखते.

राजेंद्रला सांगितलं नाही. तो आधी इंटरनेटवर वाचेल, मग मला मोठ्याने वाचून दाखवेल. नवरा म्हणून चांगला आहे, पण धीर द्यायच्या कामाचा नाही!

१२ एप्रिल, शनिवार

मॅचच्या आदल्या दिवशीचा कार्यक्रम — नेलपॉलिश. मी गुडघ्यांवर बसून मांड्यांच्या मध्ये बोटं दाखवते, ती निधीला चाळीस फुटांवरून दिसायला हवीत ना! म्हणून नखं पिवळीजर्द. बाटली टॅशने दिली. टॅश आमची राखीव कॅचर, कॉलेजात ब्यूटीचा कोर्स करते. निधी माझे हात मांडीवर घेऊन नखं रंगवते. एरवी ती मला हात लावते कुठे!

एक बोट म्हणजे सरळ जोरात. दोन म्हणजे ड्रॉप. सरळ येता येता बॉल बॅटरपुढच्या प्लेटपाशी एकदम खाली बुडतो आणि बॅट वरून फिरते. तीन म्हणजे हळू. निधीला पटलं तर मान हलवते, नाही पटलं तर नकार, मग मी दुसरं बोट.

घरी आमचं बोलणं एवढंच — जेवलीस? हो. उशीर होईल? माहीत नाही. सहा वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा तोंडाला खळ नव्हता पोरीच्या. आता सतरा वर्षांची झाली, खोलीचं दार बंद. फक्त मैदानावर ती माझ्याशी बोलते. मी विचारते, ती उत्तर देते, अख्खी मॅच. मी टीचिंग असिस्टंटचा कोर्स तिच्याच कॉलेजात घेतला तो बसने जाता येतं म्हणून, पण टीममध्ये घुसले ती याच्यासाठीच. चव्वेचाळिसाव्या वर्षी कॅचर! पोरी हसल्या होत्या आधी. मग मी बसल्या जागेवरून दुसऱ्या बेसवर बॉल मारून दाखवला. शाळेत असताना राज्यापर्यंत खेळलेय मी. इथे लोकांना वाटतं सॉफ्टबॉल अमेरिकेचा. असेल बाबा. माझा अमरावतीचा आहे.

डोळ्याचं कळलं तर जॅन मास्क काढून घेईल. मग निधी कुणाशी बोलणार? आणि मी?

झाकली मूठ सव्वा लाखाची.

१९ एप्रिल, शनिवार

हॅरोच्या हॉलमध्ये जयंतीचा कार्यक्रम. निळे झेंडे, भाषणं, पोरांचे डान्स, सगळं छान. मी खीर वाढायला उभी. तिसऱ्याच माणसाला खीर वाटीत न जाता टेबलावर! मी म्हटलं, अहो वाटी हलवू नका ना. तो बिचारा “सॉरी ताई” म्हणाला. त्याची वाटी टेबलावरच होती.

निधी कुठून आली कोण जाणे. हातातून पळी घेतली. “आई, तू बस. मी करते.” राजेंद्र सगळ्यांना सांगत सुटला, बघा, लेक सुधारली!

२७ एप्रिल, रविवार

हरलो. निधी दोन बोटांना हो म्हणेचना. मी दोन दाखवली की नकार. परत दोन, परत नकार. शेवटी एक बोट, तेव्हा कुठे हो. सगळे बॉल सरळ, सरळ, सरळ. समोरच्यांनी धू धू धुतलं.

जॅनने विचारलं, “Where's your drop, Nids?” ती म्हणाली, “Not feeling it.”

४ मे, रविवार

आजही तेच. हरलो.

८ मे, गुरुवार

बाप्पा! पोरगी चहा ओतायला लागली! आठवडा झाला, मी गाळणं उचललं की ही हजर. “दे, मी ओतते.” परवा माझा चहा कपाच्या बाहेर गेला होता, मी दोष कपाला दिला. कप चांगला होता.

डाग मोठा झालाय. रोज सकाळी उठल्या उठल्या आधी उजवा डोळा झाकून बघते. रोज वाटतं आज गेला असेल. रोज असतोच.

१८ मे, रविवार

तिसरी हार. मॅचनंतर जॅनने मला बाजूला घेतलं. पंधरा जूनच्या मॅचला अंडर-एटीन कॅम्पच्या निवडीसाठी बाई येणार आहेत. खास निधीला बघायला! ड्रॉप नसेल तर मात्र काही खरं नाही. नुसतं सरळ फेकणाऱ्या पोरी ढिगाने आहेत म्हणाली.

गाडीत मी तोंड सोडलं. मेहनत नको, फोन हवा! देवाने हात दिलाय आणि तू तो वाया घालवतेस! (देव मानत नाही आम्ही, पण रागात येतोच तो.) निधी खिडकीबाहेर बघत होती. “माझा ड्रॉप गेला, आई. येत नाही आता. Leave it.”

घरी येऊन मीच रडले. माझी भीती तिला कशी लागली? भीती सर्दीसारखी लागते का?

२५ मे, रविवार

लिहून टाकते, नाही तर झोप येणार नाही.

मास्कच्या आत मला श्वास पुरत नाही. निधीचा हात गोल फिरला की कॅचरचा जाड ग्लोव्ह, मिट, घट्ट धरते. आधी बॉल हातातून सुटताना तरी दिसायचा. आता डाव्या डागात तिचा हातच जातो. बॉल कुठे आहे, किती लांब आहे, काही म्हणजे काही कळत नाही. आज दुसऱ्या इनिंगपासून मी सरळ डोळे मिटून घेतले. दोन्ही! आणि मिट समोर धरून बसले जीव मुठीत घेऊन.

आणि बॉल मिटमध्ये आला. प्रत्येक वेळी! मिट तसूभर हलवावा लागला नाही.

म्हणजे हाताला सवय आहे अजून. अमरावतीच्या धुळीतली सवय! डोळे नसले तरी चालतं. असं मनाला सांगितलं. मन काही ऐकत नाही.

३ जून, मंगळवार

शेवटी ऑप्टिशियनकडे गेले. पोरगीच होती, निधीहून थोडी मोठी. मशीनमध्ये बघता बघता तिचं बोलणं थांबलं. मग म्हणाली, “How long has it been like this?” मी म्हटलं, दोन दिवस. खोटं! तिने माझ्यासमोरच हॉस्पिटलला फोन लावला.

अकरा तारीख मिळाली. नेमका बुधवार, प्रॅक्टिसचा दिवस. घरी सांगितलं, डेंटिस्टकडे जायचंय.

११ जून, बुधवार

आधी हॉस्पिटल. डोळ्यात थेंब घातले, फोटो काढले. पडद्यामागे पाणी साचलंय. आईचा आजार हा नव्हे म्हणाले डॉक्टर, दुसरा डोळा ठीक आहे. पण डाव्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील. डोळ्यात! सुई! पहिलं पुढच्या बुधवारी. आहे ते बहुधा टिकेल, गेलेलं परत येईल का ते सांगता येत नाही. “And no ball games for now, obviously.” मी मान हलवली, रविवारी शेवटची एकच मॅच, मनात म्हटलं.

थेंबांमुळे सगळं पांढरं दिसत होतं, म्हणून बसने कॉलेजात गेले निधीला घ्यायला. प्रॅक्टिस संपलेली. गेटपाशी टॅश कठड्यावर बसली होती, नडगीवर बर्फाची पिशवी. आज माझ्या जागी ती कॅचर होती. म्हटलं, काय झालं गं?

“Your daughter happened! That drop is savage, man. Half of them I never even touched. Look at my legs!”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. निधी? ड्रॉप?

“All afternoon. She's always had it. She just doesn't throw it to you.”

टॅशला वाटलं गंमत सांगतेय. मी तिथेच तिच्या शेजारी बसले.

खीर. चहा. “दे, मी ओतते.” त्या पहिल्या मॅचला हलली नव्हती, नुसती बघत राहिली होती. बुडणारा बॉल मातीत आपटून कुठेही उसळतो, कॅचरला बघून अडवावा लागतो. ज्याला दिसत नाही त्याच्या तोंडावर येतो. म्हणून दोन बोटांना नकार! मिट हलवावा लागत नव्हता, कारण पोरगी प्रत्येक बॉल मिटमध्ये आणून ठेवत होती. सवय कसली आणि धूळ कसली! आणि मी तिला गाडीत काय काय बोलले.

निधी बाहेर आली. “Dentist कसा होता?” म्हणाली. मी म्हटलं, बरा होता. बसमध्ये दोघी शेजारी बसलो.

१४ जून, शनिवार

निधी बाटली घेऊन आली नेहमीसारखी. माझा हात मांडीवर घेतला. मी काढून घेतला. म्हटलं, उद्या टॅश बसेल मास्कमागे. जॅनला फोन केलाय मी. डोळ्याचं सगळं सांगितलंय, बाबांनाही.

“मला माहीत होतं हे तुला कोणी सांगितलं?”

“तुझा ड्रॉप टॅशला दिसला. मला का नाही टाकलास?”

“तुझ्या तोंडावर लागला असता!” ओरडलीच. “मास्कच्या खाली, गळ्यावर. रोज स्वप्न पडतं मला. तू काही बोलत नाही, मी काय करणार? मी बोलले असते तर तू टीम सोडली असतीस. मग तू परत नुसती विचारणार, जेवलीस का.”

मी म्हटलं, मला भीती वाटत होती. ती म्हणाली, मला पण. हुंदके देऊन देऊन रडली. किती महिन्यांनी जवळ घेतलं तिला! केसांना मैदानाच्या गवताचा वास येत होता.

मग नाक पुसून म्हणाली, “मी टॅशला नाही टाकणार उद्या. She doesn't know what to call. घाबरल्यावर कोण सांगणार मला, काय टाकायचं ते?” तिने माझा हात परत ओढला आणि नखं रंगवायला घेतली. म्हटलं, अगं, आता कशाला? ऐकलंच नाही.

१५ जून, रविवार

मी बाकावर, जॅनच्या शेजारी. मागे निवडीच्या बाई वही घेऊन. टॅशने मांड्यांमध्ये एक बोट दाखवलं. निधीने नकार दिला. टॅशने तीन दाखवली. नकार. सगळं मैदान थांबलेलं. निधी टॅशकडे बघतच नव्हती. टॅशच्या डोक्यावरून ती बाकाकडे बघत होती.

मी जॅनकडे पाहिलं. “Go on, then,” ती म्हणाली.

मी गुडघ्यांमध्ये हात घातला आणि दोन बोटं दाखवली, पिवळीजर्द. निधीने हो म्हणून मान हलवली.