धनी नसलेलं जाळं

मी, मन्मथ वैजनाथ बिरादार, वय सव्वीस, राहणार उमरी, जिल्हा नांदेड (राहतो कमी, भटकतो जास्त), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दाबाखाली न येता लिहितो. तब्येत ठणठणीत आहे. डोंगराकडं मोबाइल टॉवरवर चढायच्या कामाला चाललोय, म्हणून मागचं ठरवून जातो. आई म्हणते, "जित्तेपणी असलं अभद्र कशाला लिहून राहिलास?" लिहिल्यानं कुणी मरत नाही, आई.

१. मोटारसायकल बहीण अंबिकाला. औशाच्या बाजारात घेतली. शिवी दिल्याशिवाय चालू होत नाही. अंबिकाला अडचण नाही.

२. गावोगावच्या छपरांवर मी बसवलेले इंटरनेटचे डबे. प्रत्येक डबा शेजारच्या डब्याला निरोप देतो, तो पुढच्याला. एक बंद पडला तर निरोप दुसऱ्या वाटेनं जातो. आमच्याकडच्या सावडीसारखं, आज तुझं रान, उद्या माझं. मधे धनी कुणी नाही. चुलतभाऊ रविकांत म्हणतो, "समदं माझ्या दुकानातल्या एका मशीनला जोड, कारभार एका हातात ऱ्हाईल." म्हणूनच कारभार त्याच्या हातात देत नाही. त्याच्या दुकानाला कुलूप लागलं की सगळी गावं मुकी.

त्याला हसायला कारण मिळालं होतं, हे खरं. खंडेनवमीला हत्यार चालवत नाहीत, म्हणून झाडून सगळ्यांनी डबे बंद करून हळदकुंकू वाहिलं. सगळ्या वाटा एकदम बंद. रविकांत म्हणला, "लई हुशार. तुझं जाळं देवाला गेलं."

खाली साक्षीदार असलेल्या सटवाजीकाकांनी तोड काढली: निम्म्या घरांनी डब्याची पूजा नवमीला करावी, निम्म्यांनी दसऱ्याला. माझ्यामागंही तसंच चालावं.

३. डबा ज्याच्या छपरावर, मालकी त्याची. पासवर्ड ज्याचा त्याला सांगितलाय. सगळे डबे कुणा एकाला विकता येणार नाहीत. शिडी रविकांतला, आणि एक डबाही. त्याला इतरांसारखे दोनच शेजारी जोडून द्यावेत. भांडण आहे, पण भावाला तोडायचं नाही.

४. सहीचा कागद आईजवळ राहील. नक्कल प्रत्येक डब्यात ठेवलीय, रविकांतला द्यायच्या डब्यातही. कागद गहाळ झाला आणि एखाद्या नकलेत वेगळंच दिसलं, तर बाकीच्यांशी ताडून बघावं. जास्त जणांचं जुळेल ते माझं म्हणणं. कोर्टाआधी शेजारी जाऊन विचारावं.

खालील दोघांनी मला सही करताना पाहिलं, मी त्यांना.

मन्मथ वैजनाथ बिरादार (सही)

साक्षीदार:
सटवाजी मारोती कदम (सही)
राजकन्या व्यंकटी सूर्यवंशी, पिठाची गिरणी (सही)

ठिकाण: उमरी
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५