वामनरावांच्या बायकोचा ओठ

मंगळवार, दिग्रस

आज माझीच मला लाज वाटते आहे. शेजारच्या वामनरावांची बायको चैत्रात गेली. तिचा फोटो एकच, आधार कार्डावरचा. त्यावरून महिनाभर खपून मी तिचं चित्र काढलं आणि सकाळी नेऊन दिलं. वामनराव कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, आता बोलते का काय, असं वाटून राह्यलं मले."

तिथंच गप्प बसायचं ना! पण मला तो वरचा ओठच दिसत होता. म्हणालो, "ओठ चुकला जी. डावीकडं ओढल्यासारखा झाला."

कोणी विचारलं होतं? दुसऱ्यानं चूक काढायच्या आधी आपणच काढून मोकळं व्हायचं, ही माझी जुनी खोड. लोक तिला नम्रपणा म्हणतात. भित्रेपणा आहे तो.

संध्याकाळी वामनराव चित्र टॉवेलात गुंडाळून परत घेऊन आले. मी घाईघाईनं म्हणालो, "ओठ बरोबर आहे वामनराव, मीच उगाच बोललो."

"असन. पण सकाळपासून मले तिचं तोंड दिसतच नाही, मास्तर. ओठच दिसते."

चित्र टेबलावर ठेवून ते गेले. टॉवेल सोडायची माझी अजून हिंमत झालेली नाही.