नेस्तोरने दिलेली किडनी

साल्तो, १४ ऑगस्ट

प्रिय नेस्तोर,

तिकडे विगोत उन्हाळा, तुम्ही उन्हात शेकत असाल. इथे ऐन हिवाळा, नदीवरून असा वारा सुटलाय की ‘माते’ चहाचा पेला हातातच गार होतो. तुझी ताई इर्मा मात्र या थंडीतही अर्ध्या चड्डीत, रेफरी म्हणून मैदानावर उभी. शनिवारची मॅच तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या वस्तीचा संघ आणि गोदीवाले. दोघांची बरोबरी, खेळ संपत आलेला. एकाएकी इर्मानं शिट्टी फुंकली आणि मैदानाच्या मधोमध खाली बसली. साखर उतरली होती. खिशातून संत्र्याच्या रसाचा डबा काढून शांतपणे प्यायली. गोदीवाल्यांचा गोलकीपर ओरडला, "काय बाई, सहलीला आलात काय?" ही म्हणाली, "हो रे. तू खायला काही आणलं नाहीस?" सगळं मैदान हसलं. थोड्या वेळानं तिनं बोट टोचून साखर पाहिली, खेळ सुरू केला आणि लगेच आमच्याच वस्तीविरुद्ध पेनल्टी दिली! आमचा खाटीक पेरेइरा लालबुंद. "इर्मा, सोमवारी मटण घ्यायला येशीलच ना!" "येईन की. तुझ्या काट्यावरही नजर ठेवीन."

अशी ही बाई. लहानपणी इन्सुलिनची सुई टोचून घेताना ती तुलाच डोळे मिटायला सांगायची, असं तूच मला सांगितलं होतंस. डायलिसिसच्या दिवसांत मशीनशेजारी पडून ती नर्सना ऑफसाइड समजावून सांगायची. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्या आल्या विचारलं, "नेस्तोर उठला का?" आणि तू कुशीला हात लावून, पाय ओढत आलास: "ताई, तुझ्यापेक्षा मलाच जास्त दुखतंय." टाके ओढले जातात म्हणून ती हसू दाबत होती. तुझी किडनी पोटात घेऊनच तिनं रेफरीची परीक्षा दिली. अकरा वर्षं झाली त्याला.

पण नेस्तोर, यंदाच्या मार्चपासून तिचे पाय सुजतात. डॉक्टर इतुराल्देबाईंनी किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासला. शरीरानं ती परकी म्हणून झिडकारलेली नाही. साखरेनं तिच्या स्वतःच्या दोन्ही किडन्या खाल्ल्या, तशीच आता तुझीही पोखरायला घेतलीय. बाई म्हणाल्या, "इर्मा, तुझं काही चुकलं नाही. इतकी वर्षं टिकवलीस, हेच पुष्कळ." इर्मानं मान हलवली आणि मॅचची वेळ झाली म्हणून उठली.

हे तुला तिनं सांगितलेलं नाही, म्हणून मी लिहितोय. दर रविवारी तू फोनवर आपल्या किडनीबद्दल विचारतोस, "माझी पोर नीट वागतेय ना?" ती म्हणते, "फार गुणी आहे रे," आणि फोन ठेवून बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहते. डॉक्टर तिचं नाव नव्या अवयवांसाठीच्या प्रतीक्षा यादीत घालायला तयार आहेत: किडनी आणि सोबत स्वादुपिंडही, म्हणजे साखरेचा त्रासच मिटेल. पण ही अडून बसलीय. "नेस्तोरची अजून चालतेय. ती पोटात असताना दुसरी मागू? कोणत्या तोंडानं सांगू त्याला?" ती माझं ऐकत नाही, डॉक्टरांचंही नाही. तुझं ऐकेल. हे पत्र मिळेल त्या रविवारी किडनीची चौकशी करू नकोस. "ताई, यादीत नाव घाल," एवढंच म्हण. ती रडेल. रडू दे. तू फोन ठेवू नकोस.

तुझाच भावजी,
वाल्डेमार