मोरीतली ओली फरशी

शिवकांता,

सकाळी साडेसहाला आप्पा मोरीत पडले. तू टँकरवर पाण्याला गेलेली, म्हणून थांबलो नाही. लातूरच्या सरकारी दवाखान्यात नेतोय, आता जिल्ह्याचं गाव तेच.

पाणी मिळालं नाही तर मी घातलेल्या मोरीतल्या नव्या सिमेंटला तडे जातील, असं मी काल जेवताना म्हणालो होतो. म्हणून आज त्यांनी आपल्या आंघोळीची बादली त्या फरशीवर ओतली आणि घसरले.

मागच्या रविवारी खोललेलं स्कूटरचं इंजिन अजून तुझ्या परातीत सुटं पडलंय. त्यामुळे स्टँडपर्यंत शेजारच्या रेवणप्पाची हातगाडी.

“मन्मथा, एक तरी काम पुरं कर की रे पोरा,” एवढं आप्पा बोलले. मग बोलणं थांबलं.

पोरीला मोरीत जाऊ देऊ नकोस.

हातगाडी दारात आली. आप्पांचा डावा हात हलतोय, उजवा अजून नाही.