दहा हजार पूर

४ जून

चि. भाऊजींस, अ. उ. आ.

माझं अक्षर बघून कपाळाला आठी पडली असेल, ती राहू द्या. काल तुमच्या खात्याचा माणूस सांगून गेला की पूरभिंत आमच्या गल्लीपुढे होणार नाही, नदीपलीकडे होणार. का म्हटलं, तर म्हणे साहेबांच्या यंत्रात दहा हजार पूर आले आणि गल्लीतली जवळजवळ सगळी माणसं वाचली. साहेब म्हणजे तुम्ही! दहा हजार पूर आणि माझ्या उंबऱ्याला ओल नाही! खोटं पाणी सोडायचा पगार मिळतो हे तुमच्या दादांना जिवंतपणी कळतं, तर बिचारे जन्मभर रंधा मारत बसले नसते. खुलासा करा, नाहीतर कचेरीत येऊन तुमचं लहानपण सांगेन सगळ्यांना.

तुमची नावडती,
वहिनी

११ जून

ती. वहिनींस, सा. न. वि. वि.

थट्टा पुरे. नदी कधी, किती चढेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून सोडत काढावी तसं हे संगणकाचं यंत्र एकेक पाऊस उचलतं, बंधारा फुटायची वेळ उचलतं, असं दहा हजारदा. आणि कितीदा काय झालं ते मोजतं. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की ठिपका टेकडीकडे निघतो. कुणी लगेच, कुणी रेंगाळत, तेही सोडतीवरच. पलीकडे जास्त बुडाले, म्हणून भिंत तिकडे. यात घरचं-परकं नाही. तुम्हाला गणित शिकवायला मला वेळ नाही. आईला नमस्कार.

लोभ नसला तरी चालेल.
आपला दीर

१५ जून

चि. भाऊजींस, आ.

नमस्कार पोचवला. आईंनी उशीवर मान हलवली. तेवढीच हलते आता. आमच्या घरचे ठिपके दोन ना? मग एक तुमची आई. कूस बदलायची झाली तरी मला हाक मारतात, आणि तुमच्याकडे भोंगा वाजला की टुणकन उठून टेकडी चढतात! डॉक्टरांना सांगू का, औषध थांबवा, पूर आणा? दुसरा ठिपका मी. म्हणजे त्यांना खाटेवर टाकून मी पळाले, असंच धरलंत. तुम्ही तर पूर नसतानाच पळालात.

आशीर्वाद वर दिलाय, तेवढा पुरे.
वहिनी

२१ जून

वहिनी,

आईचं वय घातलं होतं, खाट घालायची राहिली. दोन्ही ठिपके एकमेकांना बांधून यंत्र पुन्हा चालवलं. खाट एकटीच्यानं दाराबाहेर निघत नाही. जेव्हा जेव्हा गल्लीत पाणी शिरलं, तेव्हा तुम्ही दोघी आतच होता. खाटेला खिळलेली आणखी माणसं गल्लीत असतील, ते मी कधी विचारलंच नाही. भिंतीसाठी वर पाठवलेला अहवाल परत मागवलाय. वरचे भडकलेत. भिंतीचं वचन देत नाही.

दीर

२७ जून

चि. भाऊजींस, आ.

अहवाल मागवलात, त्याबद्दल पाठ थोपटणार नाही. गल्लीत अशी आणखी चार माणसं आहेत, तेही घाला. राहिलं आमचं. खाटेला दोन टोकं असतात. एक मी धरते. दुसऱ्या टोकाला यंत्रात एक ठिपका घालायचा मोह होईल तुम्हाला, म्हणजे आम्ही सुटू आणि तुम्हाला झोप लागेल. खरोखर येऊन राहणार असाल तरच घाला. नसाल, तर आम्हा दोघींना खुशाल बुडू द्या. पण आकडा तेवढा खरा लिहा.

लोभाचं दारात दिसलात तर बघू.
वहिनी